घरातली वाफ

जानेवारीत इथे जर्मनीत आमच्या घरमालकांचे पत्र आले आणि त्यातली एक ओळ अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. आमच्या झोपण्याच्या खोलीत, बाहेरच्या दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, बुरशीचे काळे ठिपके उमटले होते. त्याचे कारण देताना पत्रात म्हटले होते की या घराचा वापर नेहमीपेक्षा अधिक होतो. आम्ही चार माणसे दोन्ही वेळा घरी रांधतो, रोज आंघोळ करतो, थंडीत कपडे आतच वाळत घालतो आणि संध्याकाळी बहुतेक घरीच असतो, हे सगळे मिळून घराला बाधले, असा त्या सभ्य भाषेचा अर्थ. घर राहते असावे, चूल पेटती असावी, म्हणून जिवाचे रान करणाऱ्या माणसांत मी वाढले; घरात राहिल्याबद्दल समज मिळण्याची ही माझी पहिलीच वेळ.

राग बाजूला ठेवून सांगायचे तर पत्रातले शास्त्र खरे आहे. वीस अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशांच्या हवेत जेमतेम ५ ग्रॅम. खोलीतली ऊबदार हवा थंड कोपऱ्याला टेकली की तिच्यातले पाणी भिंतीवर उतरते आणि बुरशीला तेवढे पुरते. चार माणसांचे श्वास, आंघोळी, स्वयंपाक आणि ओले कपडे यांतून दिवसाकाठी दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जाते, असे इथे सर्रास सांगतात. त्यावरचा जर्मन उपाय असा की दिवसातून तीन-चार वेळा, बाहेर उणे पाच का असेना, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांत सगळी हवा बदलून घ्यायची आणि लगेच खिडक्या लावून टाकायच्या. खिडकी नुसती तिरकी करून तासन्‌तास ठेवणे हे अडाणीपणाचे लक्षण समजले जाते, कारण त्या फटीतून हवा पुरेशी बदलत नाही, पण भिंत मात्र गारठते. खालच्या मजल्यावरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, आणि श्टुटगार्टच्या ऐन थंडीत त्या हे व्रत ज्या निष्ठेने पाळतात, त्या निष्ठेने आमच्याकडे कोणी एकादशीही पाळत नसेल.

पत्रासोबत एक छोटा आर्द्रतामापकही आला होता. तो आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला आहे आणि तेव्हापासून घराची सत्ता त्याच्याकडे गेली आहे. शेवभाजीचा रस्सा करायचा म्हणजे भाजलेला कांदा-खोबरे आणि काळा मसाला तेलात तर्री सुटेपर्यंत परतायचा, मग आधणाचे पाणी घालून चांगले खळखळू द्यायचे. झाकण ठेवून, मंद आचेवर, कमी वाफेत होणारी ती वस्तूच नाही. रस्सा उकळू लागला की आकडा बावन्न, छप्पन्न असा चढतो, आणि साठ झाले की धाकटा ओरडतो, "आई, साठ!" मग मी पळी खाली ठेवून खिडक्यांकडे धावते, खोली गारठते, मुले स्वेटर शोधतात आणि रस्सा ताटात पडेपर्यंत निम्मा निवतो. जेवणाचा वास जिन्यात जातो याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही, हेही न्यायाने सांगायला हवे. उलट त्या आजींनी एकदा, आज काय केले आहे, असे विचारून वाटीभर रस्सा नेला आणि दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना तीत सफरचंदाचा मुरंबा घालून दिला. रिकामी वाटी परत करू नये, हे त्यांना कोणी शिकवले असेल, कोण जाणे.

जर्मनीत घर भाड्याने घेताना त्याचे ऊर्जा-प्रमाणपत्र दाखवावे लागते. २०१४ पासून घर बघायला येणाऱ्यालाच ते दाखवण्याचे बंधन आहे. ए प्लसपासून एचपर्यंत श्रेणी असतात आणि आमची इमारत ई या श्रेणीत बसते, म्हणजे चौरस मीटरमागे वर्षाला १३० ते १६० युनिट ऊर्जा तिला लागते. या प्रमाणपत्राचे दोन प्रकार आहेत. एकात तज्ज्ञ भिंती, छप्पर, खिडक्या तपासून हिशेब मांडतो. दुसऱ्यात इमारतीत राहणाऱ्यांनी किमान तीन वर्षांत प्रत्यक्ष किती ऊर्जा वापरली त्यावरून आकडा काढतात. आमचे दुसऱ्या प्रकारचे आहे. त्या आकड्यात आमच्या आधीच्या भाडेकरूंचे जगणे मिसळलेले आहे: कोणी एकाच खोलीत हीटर लावून दिवस काढले असतील, कोणाकडे तान्हे मूल असेल.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सासूबाईंनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या होत्या. दाराचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि आधीची माणसे या घरात सुखाने नांदली का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तरेला असे देता आल्याने त्यांचे समाधान झाले. दुसऱ्याचे उत्तर इथे कोणी कोणाला विचारत नाही. पण तीन वर्षांच्या वापरावरून घर जोखणाऱ्या सरकारला मी त्या प्रश्नाबद्दल हसू देणार नाही. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणून दिवेलागणीला घरात अभद्र बोलू नये, हे मी आजही पाळते. नवरा त्याला अंधश्रद्धा म्हणतो, आणि तरीही त्या वेळेला हीटिंगच्या बिलावरून वाद घालायचे टाळतो.

अमळनेर तालुक्यातले आमचे घर धाब्याचे आहे. दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर मातीचे धाबे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की सकाळी दहाच्या आत दारे-खिडक्या बंद होतात आणि ऊन उतरल्यावरच उघडतात. दिवसभराची धग भिंतीतून आत पोहोचेपर्यंत माणसे धाब्यावर निजायला गेलेली असतात. इथल्या नियमाचेच हे उलटे रूप आहे, फक्त त्यासाठी कोणाला पत्र पाठवावे लागत नाही. मात्र उगीच गोडवे गायचे नाहीत. त्या भरल्या घराची शोभा ओट्यावर बसणाऱ्यांनी पाहिली. चौदा माणसांच्या कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या सासूबाईंनी पाहिला तो धूर, आणि डोळ्यांचे पाणी त्या पदराला पुसत राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातली हवा कोणत्याही मापकावर घातली असती तर मापक बंद पडला असता. परदेशात राहून घरपणाच्या गप्पा मारणाऱ्यांनी, त्यात मीही आले, चुलीपुढे कोण बसत होते ते आधी सांगावे.

आता त्या घरात सासू-सासरे दोघेच आहेत. दीर सुरतेला आणि आम्ही इथे. स्वयंपाक गॅसवर, दोन माणसांचा, अर्ध्या तासात आटोपणारा. धूर नाही की गलका नाही. सासूबाई म्हणतात, "घर खावाले उठस."

तरीही श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटाचे (नैवेद्याचे) गहू घेताना त्या माणसे मोजतात ती सगळी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घर सारवून, भांडी घासून, आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. गेल्या श्रावणात हे त्यांनी व्हिडिओवर दाखवले. नाव घ्यायचे, मूठ सुपात सोडायची, मग वर चिमूटभर दाणे टाकायचे. माझ्या मुलांची नावे घेताना त्या थांबल्या, कारण धाकट्याची मूठ आता जरा मोठी घ्यावी का, असा त्यांना प्रश्न पडला होता. रोट बाहेरच्याला द्यायचा नसतो, भाऊबंदांतच संपवायचा असतो. आमच्या वाटचे पुरण दोन म्हाताऱ्या माणसांनी कसे संपवले, हे त्यांनी सांगितले नाही.

या वर्षी आम्ही जाणार आहोत. दिवाळीला जमत नाही, कारण इथे शाळा बुडवून मुलांना नेले तर पालकांना दंड होऊ शकतो. पण आमच्या राज्यातली उन्हाळी सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असते आणि कानबाई बहुधा त्यात सापडते. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आगारी, म्हणजे पितरांसाठी निखाऱ्यावर घातलेला घास, मात्र माझ्याकडून होत नाही. विजेच्या शेगडीवर निखारा कुठून आणायचा, आणि आणलाच तर छताला लावलेला धुराचा भोंगा पितरांच्या आधी शेजाऱ्यांना बोलावील.

सध्या घरात वाद चालू आहे तो धाब्याचा. दिरांना ते उतरवून स्लॅब टाकायचा आहे. मी विरोध केला तेव्हा त्यांनी विचारले, "वहिनी, दरवर्षी पावसाळ्याआधी वर खारी टाकायला येणार का?" खारी म्हणजे धाब्यावर पसरायची खारट माती. प्रश्न रास्त आहे, आणि सासऱ्यांना आता शिडी चढवत नाही. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो, हे मला माहेरच्या घरात सोसून ठाऊक आहे. खर्चाचा निम्मा वाटा आमचा आहे, तेव्हा मत देण्याचा हक्क मी सोडलेला नाही. पुढच्या दोन खणांवर स्लॅब पडेल. मातीच्या भिंतींना हात लावायचा नाही आणि मागच्या खोलीवरचे धाबे राहील, इथपर्यंत बोलणी आली आहेत. खारी टाकायला मजूर लावायचा आणि त्याची मजुरी आम्ही पाठवायची, हे मीच सुचवले आहे.