३४६.५५ हर्ट्‌झचा गंधार

घरच्या तंबोऱ्याची जवारी (घोडीचा माथा घासून तारेला गुंजता आवाज देणं) मिरजेहून करून आणली आणि खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’ची तार, छेडला की गंधार (‘ग’) स्वच्छ ऐकू यायला लागला. गंधाराची तार नाही, तरी गंधार! त्याला स्वयंभू का म्हणतात ते त्या दिवशी कानांना कळलं. तो आकड्यांत पाहायचाच, असं ठरवून ऑडॅसिटी हे ध्वनीचं सॉफ्टवेअर उघडलं.

काळी एक या पट्टीत खर्ज ६९.३ हर्ट्‌झ. तारेत मूळ स्वराच्या पटींत उपस्वरही उमटतात; त्यातला पाचपटीचा, म्हणजे ३४६.५ चा, हा गंधार. कीबोर्डवरचा गंधार मात्र ३४९.२. मला हा फरक दिसायला हवा होता. ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ या, कोणती कंपनसंख्या किती जोरात ते दाखवणाऱ्या आलेखात साइझ (एका वेळी तपासायचे नमुने, म्हणजे सॅम्पल) ४०९६ ठेवली, तर दोन्ही ३४४.५ वरच! दिवसभर वाटत राहिलं, आपलाच कान फसला. पण ४४१०० सॅम्पल रेटला (सेकंदाला तेवढे सॅम्पल) त्या साइझमध्ये आलेखाचं एकेक घर जवळजवळ १०.८ हर्ट्‌झचं असतं आणि दोन्ही स्वर एकाच घरात बसले होते. साइझ ६५५३६ केल्यावर घर ०.६७ हर्ट्‌झचं झालं. त्यासाठी किमान दीड सेकंदाचा तुकडा निवडावा लागतो. एक्स्पोर्ट केलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये तंबोऱ्याचं शिखर ३४६.५५ वर, कीबोर्डचं ३४९.२४ वर. त्या दोन ओळी मी कितीतरी वेळ बघत बसलो.

अँप्लिट्यूडने, म्हणजे आवाजाच्या जोराने, जास्त दमवलं. ‘सॅम्पल डेटा एक्स्पोर्ट’ एका वेळी दहा लाख सॅम्पल देतं, म्हणजे साडेबावीस सेकंद, तेवढे पुरतात. पण तार विझत चाललेली कानाला कळत होती आणि आकडे उतरत नव्हते. फोन हळू आवाज आपणहून वाढवत होता. शेवटी ऑटो लेव्हल बंद करता येणारा रेकॉर्डर मागून आणला, वेव्ह फाइलमध्ये सगळं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं.

मग घोडीवर तारेखाली असतो तो दोरा काढून आणि लावून, दोन्हीकडे गंधाराची पातळी पाहिली. दोरा नसताना उणे ५२ डेसिबल, जागेवर असताना उणे ३४. अठरा डेसिबल म्हणजे अँप्लिट्यूड जवळजवळ आठपट, एवढ्याशा सुताने! तार जिथे छेडल्यावर एखादा उपस्वर उमटूच नये, तिथेही तंबोऱ्यात तो उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं.

आता पंचमाच्या तारेतला निषाद शोधतो आहे, ५१९.७ च्या आसपास.