एडिंबरात छत्री उघडू नका

स्कॉटलंडमधल्या एडिंबरात, वेव्हर्ली स्टेशनातून प्रिन्सेस स्ट्रीटवर चढणाऱ्या पायऱ्या संपतात तिथे माझी छत्री उलटी झाली. पुण्याहून खास आणलेली, तीन घड्यांची. दोन काड्या जागीच गेल्या. आजूबाजूला बघितलं, तर उघड्या छत्र्या फक्त आमच्यासारख्या पाहुण्यांच्या हातात होत्या. गावातली माणसं जाकिटाची टोपी कपाळापर्यंत ओढून मुकाट चालली होती.

एडिंबरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास पुण्याइतकाच. पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो, इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. आणि पडतो म्हणण्यापेक्षा उडतो म्हणावं. समुद्र जवळ, वारा आडवा, त्यामुळे पाणी वरून कमी आणि समोरून जास्त. अशा करड्या, ओल्या, कंटाळवाण्या दिवसाला इथले लोक ‘ड्रीख’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच घसा साफ होतो. तेव्हा जायचं असेल तर टोपीवालं पावसाळी जाकीट आणि पकड असलेले बूट घ्या. पासपोर्ट-मोबाइलसाठी आपली साधी प्लास्टिकची पिशवीही ठेवा. छत्री ग्लासगोलाच राहू द्या.

आम्ही ग्लासगोहूनच आलो होतो. बहीण तिथे असते. क्वीन स्ट्रीट स्टेशनातून गाडीने साधारण ५० मिनिटं लागतात. बरोबर आई होती, वय ६७, गुडघे त्याहून थोडे जास्त. दिवस ऑक्टोबरातला शनिवार.

पायऱ्यांवरून वर आलं की रस्त्यापलीकडे, रजिस्टर हाउससमोर, मागच्या पायांवर उभ्या घोड्यावर एक स्वार दिसतो. “हा कोण गं?” आईने विचारलं. “वेलिंग्टन. नेपोलियनला हरवलं तो,” म्हणून मी तिला पुढे ओढलं. उत्तर अर्धंच दिलं होतं, हे संध्याकाळी कळलं.

ठरवलं होतं आधी किल्ला. पण पाऊस बघून बेत फिरवला आणि चेंबर्स स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड गाठलं. पुलावरून चालत दहा-पंधरा मिनिटं. गुडघ्यांची तक्रार असेल तर बस घ्या, चढताना कार्ड टेकवलं की झालं. संग्रहालयाला तिकीट नाही. वेळ दहा ते पाच. मुख्य दालनच बघत राहावं असं आहे: लोखंडी नाजूक खांब, तीन मजली सज्जे, वर काचेचं छत. बाहेर अंधारलेलं असतानाही आत उजेड होता. आईला बाकावर बसवलं, तर दहा मिनिटांनी तीच उठून मला शोधत आली.

इथे लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळातली ११ मोहरी आहेत. वॉलरसच्या दातांत कोरलेली, बाराव्या शतकातली; बाकीची बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. राणी गालावर हात टेकून बसलेली. “हिचेही कपडे वाळत नसणार,” आई म्हणाली. क्लोन केलेली डॉली मेंढीसुद्धा इथेच काचेत उभी आहे. तिच्याभोवती मुलांची इतकी झुंबड होती की आम्ही लांबूनच नमस्कार केला. संग्रहालयाला किमान तीन तास द्या. आम्ही दीड तासाच्या आत निघालो ते चुकलंच.

जेवणाबद्दल एक सावधगिरी. इथल्या कॅफेत मसुराचं सूप जवळपास सगळीकडे मिळतं आणि दिसायला अगदी आपल्या आमटीची चुलत बहीण. पण ते अनेकदा डुकराच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात. शाकाहारी असाल तर मागवण्याआधी विचारा. हॅगिस हा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ. त्याचा शाकाहारी अवतारही मिळतो, ओट्स आणि डाळींचा, चांगला तिखट. मासे खाणाऱ्यांनी कलन स्किंक चुकवू नये: धुरावलेला हॅडॉक, बटाटा आणि दूध. दुधात मासा म्हटल्यावर आईने तोंड वाकडं केलं, मग माझी अर्धी वाटी संपवली. ‘टॅब्लेट’ नावाची मिठाई म्हणजे सरळ आपली दाणेदार बर्फी, फक्त साखरेला हात सैल सोडलेला.

सेंट जाइल्स कॅथीड्रल किल्ल्याच्या वाटेतच आहे, प्रवेश फुकट, देणगी ऐच्छिक. थिसल चॅपेलमध्ये बॅगपाइप वाजवणारा लाकडी देवदूत शोधा. बाहेर फरसबंदीत दगडांचं हृदय आहे, त्यावर लोक थुंकतात. तशी इथली जुनी रीत आहे, दचकू नका. जमिनीखालची मेरी किंग्ज क्लोज ही गल्ली पावसाच्या दिवशी उत्तम, पण सगळ्यांना तेच सुचतं. तिकीट आधी काढा. आम्ही काढलं नव्हतं.

किल्ल्याचं तिकीट वेळेचं असतं, ऑनलाइन स्वस्त पडतं. ऑक्टोबरपासून किल्ला पाचला बंद होतो आणि तासभर आधी आत घेणं थांबवतात. आम्ही अडीचला पोचलो. आतली गोट्यांची चढण ओली असली की साबणासारखी होते. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी वर नेणारी छोटी गाडी असते, दारातच चौकशी करा. आईने आधी नाक मुरडलं आणि मग राणीसारखी बसून गेली. राजमुकुटाच्या खोलीला रांग होती. जुन्या पुस्तकांत लिहिलेला राज्याभिषेकाचा दगड इथे शोधू नका, तो २०२४ मध्ये पर्थला गेला. मॉन्स मेग ही पंधराव्या शतकातली तोफ १५० किलोचे दगडी गोळे फेकायची, पण ती उघड्यावर आहे, तेव्हा दर्शन ओझरतंच झालं. बाराव्या शतकातलं सेंट मार्गारेटचं चॅपेल मात्र कोरडं, शांत आणि आपल्या देवघराहून थोडंसंच मोठं. तटावरून समुद्रापर्यंत दिसतं म्हणतात. आम्हाला ढग दिसला. एक वाजताची तोफ रविवार सोडून बहुतेक रोज उडते. ती बघायची असेल तर किल्ला सकाळीच करा.

बाहेर पडताना समोरच्या मैदानात दगडी क्रूस लागतो. १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या ७८ व्या हायलँडर्स पलटणीचं स्मारक. आकडा ओळखीचा वाटला म्हणून थांबले. १८०३ च्या असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांसमोर उभी होती ती हीच ७८ वी, आणि तिच्या जोडीला ७४ वी. दोन्ही स्कॉटिश. त्या दिवसाची खूण म्हणून पुढे हत्ती आणि ‘असई’ ही अक्षरं त्यांच्या निशाणीत आली.

“असई? आपल्या भोकरदनजवळची?” आईचं माहेर भोकरदन.

“तीच. आणि सेनापती वेलस्ली. तोच नंतरचा वेलिंग्टन. सकाळचा घोडेस्वार.”

आईला गाडीची घाई होती ती संपली. परत जाताना स्टेशनच्या पायऱ्या टाळून ती सरळ रस्ता ओलांडून पुतळ्यासमोर गेली. दिवे लागले होते, पाऊस तसाच. मी तिला सांगितलं, की नदी कुठे ओलांडायची ते वाटाड्यांना सांगता येईना. याने दोन्ही काठांवर समोरासमोर गावं पाहिली, मध्ये पाण्यातून जाण्याजोगा उतार असणारच असं ताडलं आणि फौज केळणा नदीत घातली. इंग्रज लोक याचं फार कौतुक करतात.

आईने चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा वर बघितलं. “त्यात काय कौतुक? आम्ही पोरी तसंच जायचो पलीकडे.”

५:४५ ची गाडी चुकली. पुढची पाव तासात होती.