तीन आणे

रविवार, रात्री उशिरा

मी बोट दाखवलं. तेच डोक्यातून जाईना झालंय.

टिळकवाडीत वीरसौधमध्ये, म्हणजे काँग्रेस अधिवेशनाच्या स्मारकात, डिसेंबर १९२४च्या त्या अधिवेशनाचे फोटो बघत होतो. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि तेही आपल्या बेळगावात, हे मी पोराला सांगत होते. त्याचं लक्ष मात्र गर्दीकडं. म्हणाला, "आई, आमचा पणजोबा ह्यात कुठला गे?"

मागच्या रांगेतला एक टोपीवाला, अर्धा चेहरा पुढच्याच्या खांद्याआड. मी म्हटलं, "हा."

आज्जाचा एकही फोटो घरात नाही. मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही.

मग काँग्रेस विहीर. तिथं जास्तच लागलं. अधिवेशनाला पाणी हवं म्हणून खणलेली, नाव पंपा सरोवर, खर्च ४,३७० रुपये ३ आणे. शंभर वर्षं झाली, वरचे तीन आणेसुद्धा कुणी विसरलं नाही. आणि येळ्ळूरहून अंधारात चालत येऊन मातीच्या पाट्या उचलणारा आज्जा? पुढाऱ्यांची नावं आहेत, गंगाधरराव देशपांडे आहेत, सेवादलाचे हर्डीकर आहेत. असायलाच हवेत. लहानग्या गंगूबाई हनगल गांधीजींसमोर गायल्या, तेही लोक कौतुकानं सांगतात. आमचंच माणूस तेवढं कुठं नाही. बाबा असते तर… जाऊ दे.

पण म्हणून परक्या माणसावर बोट ठेवायचं?

भाकऱ्या करताना आत्त्या आठवली. बाबा म्हणायचे, आज्जा सुगी टाकून सेवेला गेला, पैशाला शिवला नाही. आत्त्या म्हणायची, सेवा कसली, रोजगार होता तो; त्यातनंच आईला तांब्याची घागर आणली. ह्यावरून दोघांचं बोलणं बंद पडलेलं. मी कायम बाबांच्या बाजूची. रोजगार म्हटलं की मला कमीपणा वाटायचा. का वाटायचा, देव जाणे. घाम तर तोच होता.

आज वाटतंय, आत्त्याचंच खरं असावं. मग त्या ४,३७० रुपयांत आज्जाची मजुरी आहे. नाव नसेना, हिशेबात तो आहे. ते तीन आणे कदाचित त्याच्याच हातावर पडले असतील. हे मनात आलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

घागर न्हाणीत आहे. काठाला पोचा, बुडाशी डाग दिलेला. मी रोज तिला हात लावते.

पोरगा झोपताना विचारत होता, पणजोबाचं नाक माझ्यासारखं आहे काय? मी हो म्हटलं. म्हणजे परत तेच.

उद्या अंघोळीच्या वेळी घागर त्याच्या पुढ्यात ठेवते आणि सगळं सांगते. तो टोपीवाला दुसऱ्या कुणाचा तरी पणजोबा आहे, हेही.