‘मिक्स सिक्लिड’च्या पाटीपाशी घोडं अडलं

माशांची चार फुटी टाकी, स्टँड, फिल्टर, वाळू, ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवायचं लाकूड), सगळं बिनबोभाट झालं. फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत महिना-सव्वा महिना थांबावं लागतं, तेही झालं. घोडं अडलं ते मासे निवडताना, आणि ते आठवलं की अजून चीड येते.

दुकानातल्या काचेवर पाटी होती, ‘मिक्स सिक्लिड’. आत दीड-दोन इंचांची रंगीत पिल्लं. त्यातल्या पिवळ्या, काळ्या पट्ट्यांच्या पिल्लाकडे बोट दाखवून मी विचारलं, “ही जात कुठली?”

“आफ्रिकन.”

“आफ्रिकन म्हणजे मलावी सरोवरातला की टांगानिका सरोवरातला?”

“आफ्रिकनच हो. सगळे एकत्र राहतात, बिनधास्त घ्या.”

पुढच्या दुकानात हेच, त्याच्या पुढच्या दुकानातही हेच. सिक्लिड ही काही एक जात नव्हे, दीड हजारांहून जास्त प्रजातींचं ते माशांचं कुळ आहे. जात कळल्याशिवाय मासा किती वाढेल, त्याला पाणी कसं लागेल, दुसऱ्याला जगू देईल का, यातलं काहीच ठरवता येत नाही. ते पिल्लू बहुधा मेलानोक्रोमिस ऑराटसचं होतं. लहानपणी नर-मादी दोघंही असेच पिवळे दिसतात. मोठा झाल्यावर नर काळपट होतो आणि मलावीतल्या सर्वांत भांडखोर माशांत त्याची गणना होते. त्याच टाकीत इलेक्ट्रिक यलो होते, म्हणजे लॅबिडोक्रोमिस सेर्युलियस, मलावीच्या मानाने बरेच सौम्य. एकाच पाटीखाली दोन टोकांचे स्वभाव!

“आमच्या टाकीत बघा ना, कुठं भांडतायत?” हा तर प्रत्येकाचा हुकमी एक्का. पण मासे कोवळे असतात आणि टाकीत इतकी दाटी असते की कुणालाच स्वतःची हद्द आखता येत नाही. घरी जागा मिळाली, वय वाढलं की हद्दी पडतात. दुकानातल्या शांततेवर विश्वास ठेवू नका.

हो, पाणी आधी तपासा, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. माझ्या नळाचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, पीएच 6.8. मलावीच्या माशांना कठीण पाणी आणि साधारण 7.8 ते 8.6 पीएच लागतो. रसायनं ओतून कायम पाण्याशी झगडत बसण्यापेक्षा पाण्याला मानवणारा मासा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मऊ पाणी मानवणाऱ्या, दक्षिण अमेरिकेतल्या सिक्लिडकडे वळले.

अखेर एक घरगुती ब्रीडर, म्हणजे घरीच माशांची पैदास करणारे, भेटले. त्यांच्या प्रत्येक टाकीवर शास्त्रीय नाव होतं आणि पिल्लांचे आईबापही शेजारीच पोहत होते. इतकं हायसं वाटलं! आईबाप दिसले की मोठेपणीचा आकार आणि स्वभाव दोन्ही समोरच दिसतात.

त्यांच्याकडून बोलिव्हियन रॅम या छोट्या सिक्लिडची जोडी आणि कीहोल सिक्लिड घेतले. कीहोल चार-पाच इंचांपर्यंत वाढतो, पण लाजाळू. लपायला जागा हवीच. जर्मन ब्लू रॅम जास्त देखणा, मात्र त्याला 27 ते 30 अंशांचं गरम पाणी लागतं आणि तो नाजूकही आहे. बोलिव्हियन 25-26 अंशांवर मजेत राहतो. सोबत लेमन टेट्रा या छोट्या माशांचा थवा आणि तळाला कोरीडोरस, म्हणजे छोटे कॅटफिश.

एंजल हवेच असतील तर निऑन टेट्रा नकोत. एंजलही सिक्लिडच आहे, मोठा झाला की निऑन गिळतो. आणि एंजलची जोडी अंडी घालायला लागली की अर्धी टाकी तिची होते. ऑस्कर फूटभर वाढतो, त्याचा अशा टाकीसाठी विचारच नको.

सोडतानाचा क्रमही सांभाळा. आधी टेट्रा, मग कोरीडोरस, सिक्लिड सर्वांत शेवटी. हद्द राखणारा मासा आधी सोडला तर नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तो हाकलतो. दोन खेपांमध्ये आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या आणि पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि तसंच विषारी नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय पुढची खेप आणू नका.