एनओसी गेली त्यानंतरचा रविवार

ओमानात कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. ३ जानेवारी २०२१ हा नव्या वर्षातला पहिला कामाचा दिवस. मस्कतमधल्या रूवीतल्या ऑफिसात पोचलो, तर टेबलावर आमच्या ओपनिंग बोलरचा राजीनामा.

‘ओपनिंग बोलर’ असं पद अर्थातच आमच्या कंपनीत नव्हतं. कागदोपत्री तो व्हॅन सेल्समन. घालाच्या गोदामातून बिस्किटं, ज्यूस, टिश्यूचे खोके भरून किराणा दुकानांना पोचवायचे आणि उधारी वसूल करून आणायची. मी तिथे एचआरला. मस्कतच्या लीगमध्ये कंपन्यांचे संघ बरेच, आणि आमचे कच्छी शेठ क्रिकेटवेडे. त्यामुळे काही उमेदवारांची मुलाखत दोनदा व्हायची. सकाळी माझ्यासमोर, संध्याकाळी नेटमध्ये. निकाल अर्थात संध्याकाळचाच धरायचा! सराव असेल त्या दिवशी हजेरीपटावर मी ‘मार्केट व्हिजिट’ लिहायचो. ऑडिटरनेही कधी विचारलं नाही, आमच्या व्हॅन सेल्समनच्या मार्केट व्हिजिटा संध्याकाळी सहानंतरच का असतात.

याला हसणं सोपं आहे, पण ओमानचं क्रिकेट अशाच नोकऱ्यांवर उभं राहिलं. मार्च २०१६ मध्ये धरमशालाला ज्या संघानं आयर्लंडला हरवलं, त्यातली बरीच मंडळी कुठल्या ना कुठल्या कंपनीत नोकरी करणारी होती. मॅच संपवून घरी जायचं आणि रजा संपली की कामावर हजर. मस्कतजवळच्या अल अमरातची हिरवी मैदानं तर अलीकडची. त्याआधी सिमेंटची खेळपट्टी आणि भोवती खडी-माती. त्यावर डाइव्ह मारलेल्यांच्या कोपरांवर खुणा अजून आहेत.

तर राजीनामा. पोरगा सियालकोटचा, एकोणतीस वर्षांचा, २०१८ च्या मार्चमध्ये आलेला. जन्मानं किंवा पासपोर्टनं त्या देशाचा नसलेल्या खेळाडूला आयसीसीच्या नियमानुसार तीन वर्षं तिथं राहावं लागतं, मगच त्याला देशाकडून खेळता येतं. याची तीन वर्षं भरायला जेमतेम दोन महिने उरलेले. आणि अशा वेळी हा नोकरी सोडतोय?

आधी हे शक्यच नव्हतं. २०१४ पासून नियम असा, की जुन्या मालकानं एनओसी, म्हणजे ‘आमची हरकत नाही’ असं पत्र, दिलं नाही तर तुम्ही दुसरीकडे लागू शकत नाही. गाशा गुंडाळून मायदेशी जायचं, आणि दोन वर्षं परत यायचं नाही. कामगाराची त्यात दोन वर्षं जायची. क्रिकेटरची त्याच्या आधीची तीनही जायची, कारण वास्तव्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर. एकोणतिसाव्या वर्षी फास्ट बोलरनं दोन वर्षं घरी बसायचं आणि मग परत तीन मोजायची? म्हणून कोणी हलत नसे. लीगमध्ये या संघातून त्या संघात जाणं म्हणजे सरळ नोकरी बदलणं, आणि त्याची किल्ली मालकाच्या खिशात. १ जानेवारीपासून सरकारनं ही एनओसी रद्द केली. बातमी महिनोन्‌महिने आधी आली होती. कोणीतरी पहिल्याच कामाच्या दिवशी ती वापरेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

त्याला बोलावलं. “पैसे किती जास्त देतायत?”

“पैसे तेवढेच आहेत, सर.”

“मग?”

त्यानं मोबाइलवर आपला रूट दाखवला. मंगळवारी सोहार, म्हणजे जाऊन-येऊन चारशेच्या वर किलोमीटर, स्वतः गाडी चालवून, खोके स्वतः उतरवून. शुक्रवारी मॅच. “बुधवारी माझी पाठ वाकत नाही,” तो म्हणाला. नव्या कंपनीत गोदामातलं बसून काम, दुपारी तीनला सुट्टी. एवढंच.

हे मी दोन वर्षं पगारपत्रकात बघत होतो. सोहार भत्ता, दर मंगळवारी. तो पाठीत जातो हे पत्रकात कुठं दिसतं!

शेठ अकराला आले. आधी चिडले, मग पन्नास रियाल वाढवतो म्हणाले, मग त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनला आपणच पैसे दिले होते हे काढलं. ते खरंच दिले होते, आणि पगारातून कापलेही नव्हते. पोरगा मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “शेठजी, तुमचे उपकार आहेत. पण मला तीननंतर सोडाल का?”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी सेल्स मॅनेजरला फोन लावला. तो केरळचा, क्रिकेटशी देणंघेणं नाही. त्यानं एका वाक्यात संपवलं: तीनला सुटणारा व्हॅन सेल्समन मला नको. माझ्या मते त्या दिवशी ऑफिसात सगळ्यात सरळ बोललेला माणूस तोच. आम्ही बाकीचे नोकरीला खेळ आणि खेळाला नोकरी म्हणत बसलो होतो.

मग माझं नेहमीचं काम. तीस दिवसांची नोटीस, शिल्लक रजेचे पैसे, पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला पंधरा दिवसांच्या मूळ पगाराची ग्रॅच्युइटी. पाठ मोडेपर्यंत व्हॅन हाकल्याची जी रक्कम निघाली, ती बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं. तो मात्र सहीआधी एकच गोष्ट तपासत होता: जुना व्हिसा आणि नवा व्हिसा यांत एकही दिवस मोकळा राहत नाही ना.

तो पुढे देशाकडून खेळला, असं सांगायला मला आवडलं असतं. त्या वर्षीचा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप तेव्हा भारतात ठरलेला होता, मग अमिराती आणि ओमानमध्ये आला. १७ ऑक्टोबरला अल अमरातला ओमानच्या झीशान मकसूदनं चार बळी घेतले, आकिब इलियास आणि जतिंदर सिंगनं पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवलं. वेगवान गोलंदाजीत बिलाल खान, कलीमुल्ला आधीपासून होतेच. आमचा पोरगा संघात नव्हता. लीगमध्ये मात्र त्याच मोसमात तो आमच्याविरुद्ध खेळला, आणि शेठ मांडवाखाली बसून त्याच्या प्रत्येक चेंडूला चुकचुकत होते.

त्या रविवारी संध्याकाळी मी निघणार एवढ्यात अकाउंट्समधला वसईचा मुलगा दाराशी आला. मुंबईत कांगा लीग खेळलेला, आमचा तिसऱ्या नंबरचा बॅट्समन. “काका, एक विचारू? बहिणीचं लग्न आहे, दीड महिना घरी गेलो तर माझी तीन वर्षं तुटतात का?”

म्हटलं, व्हिसाचं मी सांगतो, सहा महिन्यांच्या आत परत ये म्हणजे झालं. क्रिकेटचं मात्र बोर्डाकडून लेखी घे आणि एक प्रत माझ्याकडे दे, फाइलला लावून ठेवतो.