काहीच न धरणारं प्लास्टिक

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या तासगाव भागात औषध मारायची घाई सुरू होते आणि वर्कशॉपच्या दारात पाठीवरचे पंप यायला लागतात. मागच्या सीझनला एक काका आले, १६ लिटरचा पंप, तळाच्या कोपऱ्याला बोटभर चीर. म्हणाले, "तीनदा चिकटवला बघा, तीनदा सुटला, आता तुमच्याकडं काय भारीतलं असंल ते लावा." चिरेवर तीन थर होते, खाली इन्स्टंट ग्लू, त्यावर मळून लावायची लांबी (पुट्टी), वर दोन ट्यूबवाली इपॉक्सी. मी कडेला अंगठ्याचं नख घातलं आणि सगळं एका तुकड्यात निघून आलं, जखमेवरची वाळलेली खपली निघते तसं. तुकड्याची खालची बाजू गुळगुळीत, त्यावर चिरेची रेघ उमटलेली, आणि खालचं प्लास्टिक नव्यासारखं स्वच्छ. काकांना वाटलं गोंद डुप्लिकेट मिळाला. गोंद चांगलाच होता हो, प्लास्टिकच असं आहे की त्यावर तो धरतच नाही.

पंप उलटा करून तळाला बघितलं, त्रिकोणात २ आकडा. म्हणजे एचडीपीई, कडक पॉलिथिन. ५ असेल तर पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ४ म्हणजे एलडीपीई, मऊ पॉलिथिन, आणि हे तिघं चिकटवायला सगळ्यात अवघड मंडळी. त्यांच्याही वरचा म्हणजे टेफ्लॉन. कारण समजून घ्यायचं असेल तर स्वच्छ पुसलेल्या टाकीवर पाण्याचा एक थेंब टाका, तो पसरत नाही, अळवाच्या पानावर राहतो तसा गोळा होऊन बसतो. गोंदाचंही तेच होतं. प्रत्येक पृष्ठभागाची एक ऊर्जा असते, ती मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये मोजतात, पॉलिथिनची साधारण ३१, पीपीची ३० च्या आसपास, टेफ्लॉनची २० च्याही खाली. द्रवाचा पृष्ठताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असला की तो पसरायला बघत नाही, पाण्याचा ताण ७२ आहे, बहुतेक इपॉक्सी चाळिशीत. आणि दुसरी गोष्ट, पीव्हीसी पाइपचं सोल्युशन असतं ना, ते खरं तर दोन्ही बाजू विरघळवून एकमेकांत मिसळवतं, ॲक्रिलिकला बोर्डवाले क्लोरोफॉर्म लावतात तेही तसंच, पण पॉलिथिन आणि पीपी रूम टेंपरेचरला कुठल्याच साध्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाहीत, त्यामुळे तो रस्ताही बंद.

म्हणून माझ्याकडे कोणी "कुठला गोंद लावू" विचारलं की मी आधी विचारतो प्लास्टिक कुठलं आहे. आकडा नसेल तर एक बारीक छिलका काढून पाण्यात टाकायचा, पीई (पॉलिथिन) आणि पीपी तरंगतात, पीव्हीसी, नायलॉन, एबीएस (हेही एक कडक प्लास्टिक) बुडतात (पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर हवेच्या बुडबुड्यांमुळे बुडणारा पण तरंगेल). तरंगला तर नखाने ओरखडून बघा, पीईवर ओरखडा उठतो, पीपी कडक असतं, सहसा उठत नाही. जाळून पण कळतं, पीईचा वास विझवलेल्या मेणबत्तीसारखा येतो, नायलॉनचा जळक्या केसांसारखा, पण हे उघड्यावर आणि लांबूनच करा, पीव्हीसीचा धूर अजिबात नाकात जाऊ देऊ नका.

काकांच्या टाकीला मी गोंद लावलाच नाही, वेल्डिंग केलं, म्हणजे गरम हवेने प्लास्टिक वितळवून जोडलं. पण त्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, पंपात कीटकनाशक असतं, ते गरम हवेत उडून थेट तोंडावर येतं, म्हणून काकांनाच आधी तीनदा धुऊन आणायला लावला, मग मी हातमोजे घालून परत धुतला आणि काम उघड्यावर केलं. पेट्रोल-डिझेलच्या टाकीला तर कितीही धुतली तरी मी हात लावत नाही, सरळ नाही म्हणतो, आत राहिलेल्या वाफेला एक ठिणगी किंवा गरम नोझल पुरतं.

चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक मारलं, नाहीतर चीर वेल्डच्या पुढे पळत राहते. मग स्क्रेपरने व्ही आकाराची खाच काढली, जाडीच्या अर्ध्याहून थोडी खोल. वरचं प्लास्टिक उन्हाने आणि हवेने जुनाट झालेलं असतं, ते खरवडून आतलं ताजं चमकदार दिसेपर्यंत घ्यायचं, जुनाट थरावर वेल्ड केलं तर बसत नाही. खाचेत वितळवून भरायला फुटक्या क्रेटची कापलेली पट्टी घेतली, क्रेटवर पण २ च आकडा होता. इथे चूक करू नका, पीईला पीईच लागतं, पीपीला पीपी, दोघं दिसायला भाऊ असले तरी वितळून एकमेकांत मिसळत नाहीत, वेल्ड वरून छान दिसतो आणि गार झाल्यावर हाताने सोलून निघतो. हीट गनला बारीक नोझल, साधारण ३०० डिग्री, आणि हवा पट्टीवर आणि खाचेवर दोन्हीकडे सारखी हलवत राहायची. पट्टी आणि खाच दोन्ही ओलसर चकाकायला लागली की वरून दाबत पुढे सरकायचं, कडेने मोत्यासारखी बारीक वितळलेली कड उठते, ती दोन्ही बाजूंना आली म्हणजे धरलं. धूर दिसला की उष्णता जास्त, मागे घ्या. सुरुवातीला भंगारच्या तुकड्यावर करून बघा, मी महिनाभर असेच तुकडे जोडून पक्कडीने तोडत होतो. गार व्हायला वेळ द्या, पाणी ओतून गार करायचं नाही. मग पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवला, सकाळी कागद कोरडा.

वेल्ड करता येत नसेल, म्हणजे पातळ डबा किंवा नाजूक भाग, तर गोंदाचे दोन पर्याय खरे आहेत. एक, इन्स्टंट ग्लूच्या आधी लावायचा पॉलिओलेफिन (म्हणजे पीई-पीपी घराण्याचा) प्रायमर, पेनसारखा किंवा छोट्या बाटलीत मिळतो, पातळ एकच हात, वाळू द्यायचा, मग ग्लू. छोट्या कामाला बरा, पण जिथे जोड वाकतो किंवा सोलला जातो तिथे नको. दुसरा, खास पीई-पीपीसाठीचा दोन भागांचा ॲक्रिलिक गोंद, कार्ट्रिजमध्ये येतो, त्यात काचेचे बारीक छर्रे असतात म्हणजे दाबलं तरी सगळा गोंद बाहेर पिळून जात नाही. हा खरंच धरतो, पण महाग आहे, फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि मिक्स झाल्यावर हातात २-३ मिनिटंच मिळतात, सगळं आधी कोरडं जुळवून ठेवा. इपॉक्सीच लावायची असेल तर पृष्ठभागावरून गॅस टॉर्चची निळी ज्योत भरभर फिरवा, वितळू द्यायचं नाही, मग पाणी टाकून बघा, गोळा न होता पसरलं तर लगेच गोंद लावा, त्याचा परिणाम टिकून राहत नाही.

आणि नट-बोल्टला कमी समजू नका. जिथे ताण आहे तिथे मी आधी बोल्टच बघतो, मोठा वॉशर, पॅन हेड, म्हणजे खालून सपाट डोक्याचा. काउंटरसंक, म्हणजे तिरप्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा शिरतो आणि प्लास्टिक फाडतो. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकत राहतं, त्यामुळे घट्ट केलेला बोल्ट पण काही दिवसांनी सैल लागतो, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) वापरा आणि आठवड्याने एकदा तपासा. मी डिसेंबरच्या थंडीत टेबलावर १० मिमी एचडीपीईची शीट गच्च भोकांत बोल्ट करून बसवली होती, एप्रिलमध्ये ती मधे पापडासारखी फुगून वर आली. १ मीटरला २५ डिग्रीच्या फरकाने हे प्लास्टिक ३ ते ५ मिमी वाढतं, लोखंड फक्त ०.३. आता मधलं एक भोक गोल ठेवतो, बाकी सगळी लांबट.

बोल्ट सुटू नये म्हणून थ्रेड लॉकर (आट्यांवर लावायचा गोंद) टाकायची सवय असेल तर प्लास्टिकजवळ ती सोडा. पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक गार्ड होतं, लेथवरचं, बोल्टला लॉकर लावला आणि काही दिवसांत प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. एबीएसलाही तो चालत नाही. तो गार्ड उडणाऱ्या बरपासून, म्हणजे धातूच्या कणांपासून डोळे वाचवायला होता, तसाच राहिला असता तर कोणाला तरी लागलं असतं, त्या दिवशीच काढून नवीन बसवला.

आता माझ्याकडे दोन डबे आहेत, एकावर २ आणि एकावर ५ लिहिलंय. फुटका क्रेट, बादली, ड्रमचं झाकण, जे भंगारात जाईल त्याचा आकडा बघून ५-६ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापून त्यात टाकतो, काळ्याला काळी, निळ्याला निळी. काकांचा पंप यंदा परत आला, चीर जशीच्या तशी बंद, फक्त लॅन्सचा (फवारायच्या नळीचा) वॉशर बदलून हवा होता.