मस्टरपासून सातवी ब पर्यंत

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणातून आदल्याच दिवशी परतले होते. विषय मेंदू आणि भावनिक बुद्धिमत्ता. सॅलोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही संकल्पना १९९० मध्ये मांडली, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. (चहा मात्र गार होता.)

दुसऱ्या दिवशी पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल बंद. नारायण पेठेतून येणाऱ्या सातवी ब च्या बाई वीस मिनिटं उशिरा आल्या. मी मस्टरवर लाल शेरा मारला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढं साधं जमत नाही, तर येता कशाला?"

तिसऱ्या तासाला राउंडवर निघाले. सातवी ब मध्ये फळ्यावर अपूर्णांकांची वजाबाकी, आणि एक मुलगा खडू धरून नुसता उभा. शिष्यवृत्तीच्या जादा तासाला सगळ्यांत आधी हात वर करणारा. बाईंचा आवाज चढला, "एवढं साधं जमत नाही, तर येतोस कशाला?"

वाक्य माझंच. 'येता'चं 'येतोस' तेवढं झालं होतं.

अमिग्डला, मेंदूच्या आतली, बदामाएवढी, धोका जाणवला की आधी तीच पेटते. ताण वाढला की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मंदावतो. आणि छेद समान करा, मग अंश वजा करा, या पायऱ्या डोक्यात धरायला नेमका तोच लागतो. प्रशिक्षणातल्या स्लाइडवर मेंदू विद्यार्थ्याचा होता. मुख्याध्यापिकेचा कुणी दाखवला नाही.

बाईंना केबिनमध्ये बोलवावं असं आधी वाटलं. पण बोलले चारचौघांत, तर माफी दाराआड कशाला? लहान सुट्टीत स्टाफरूममध्ये गेले. भावनेला नाव दिलं की अमिग्डला शांत होते, असं मानसशास्त्रज्ञ लीबरमन यांच्या २००७ च्या मेंदू-स्कॅनच्या प्रयोगात दिसलं होतं. माझी जीभ तरीही अडखळली. "सकाळी मला भीती वाटत होती. तपासणीला साहेब यायचे होते, वर्ग रिकामा दिसला असता. ती तुमच्यावर काढली. चुकलं माझं."

कुणाच्या तरी डब्याचं झाकण वाजलं. बाई म्हणाल्या, "झेड ब्रिजवर अडकले होते, मॅडम. ऑफिसात फोन केला होता, कुणी उचलला नाही."

तो फोन माझ्याच टेबलावर असतो. मी तेव्हा परिपाठात माईकपाशी होते, शिस्तीवर बोलत.

सुट्टी संपताना तो मुलगा नळापाशी भेटला. गणिताचं विचारलं, तर बाटली भरता भरता म्हणाला, "येत होतं, मॅडम. फळ्यापाशी गेल्यावर गेलं."